गबदूच्या तोंडातून

तलावावरची पोहण्याच्या शिकवणीची सकाळची शेवटची तुकडी आटोपून मास्तर नेहमीच्या वाटेनं घरी निघाले होते. खांद्यावर ओला टॉवेल, पायात रबरी चपला, एका कानात अजून पाणी. जुन्या गोदामांच्या भागातून जाणारा हा रस्ता त्यांच्या आवडीचा. पूर्वी तिथे कागदाचे गठ्ठे आणि कापडाचे तागे उतरायचे. आता त्याच इमारतींत चित्रांची दालनं, छोटी नाट्यगृहं, कॉफीची दुकानं निघाली होती, आणि एवढ्या सकाळी ती सगळी बंद असत, त्यामुळे रस्ता आपल्या एकट्यासाठी झाडून ठेवल्यासारखा वाटायचा. ते वळले आणि समोर गबदू होता. दोन मजले उंच. कोपऱ्यावरच्या मोठ्या गोदामाभोवती पत्र्याचं कुंपण घातलं होतं, आणि कुंपणावरून थेट छपरापर्यंत एक छापील कापड ताणून बसवलं होतं. त्यावर तो नारिंगी चेहरा, ते गोल लोंबते कान, ते काळेभोर चकचकीत डोळे, ज्यांच्याकडे बघून पोरं टाळ्या पिटायची. खाली अक्षरं होती : पॉप संस्कृती संग्रहालय. आत या, गबदू वाट बघतोय. पण मास्तरांनी डोळ्यांकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर सवयीनं खाली गेली, तोंडाकडे. तोंड उघडं होतं, आणि जिथे काळी जाळी असायची तिथे कापड कापून पत्र्याचं दार बसवलं होतं. ते दार उघडलं आणि डोक्यावर पिवळी टोपी घातलेला एक कामगार गबदूच्या तोंडातून बाहेर आला, थुंकला, बिडी पेटवली. मास्तरांनी विजेचा खांब धरला. काय झालं काका, असं त्या कामगारानं विचारलं तेव्हा त्यांनी हसून मान हलवली आणि चप्पल सरकली म्हणाले. मग ते मागे फिरले आणि लांबच्या रस्त्यानं घरी गेले. जाताना पाठीमागे काहीतरी मोठं, मऊ, बिनआवाजी पावलं टाकत येतंय असं त्यांना सारखं वाटत राहिलं. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही, कारण वळून पाहायला मान वळवावी लागते, आणि गबदूची मान वळत नसे. वळायचं तर अख्खं अंग वळवावं लागे, पायांच्या लहान लहान पावलांनी, जागच्या जागी.

घरी आल्यावर त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. हेही नेहमीचंच. त्यांच्या घराची कुठलीच खिडकी कधी पूर्ण मिटत नसे. लिफ्टनं ते जात नसत आणि डोक्यावरून घालायचा कपडा त्यांच्या कपाटात नव्हता. बायकोनं एकदा त्यांच्यासाठी गळाबंद स्वेटर विणला होता, जाड, राखाडी रंगाचा. त्यांनी तो डोक्यात घातला, हात वर अडकले, लोकरीच्या आत अंधार झाला, आणि ते असे काही धडपडले की कपाटाचा आरसा फुटला. दुसऱ्या दिवशी बायकोनं तो स्वेटर पुढून मधोमध कापला, काठ शिवले, बटणं लावली आणि त्यांच्यापुढे ठेवला. विणलेली वस्तू कापताना बाईमाणसाला काय होतं हे मास्तरांना माहीत होतं, तरी त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आता ती जाऊन तिसरा हिवाळा होता. स्वेटर अजून होता.

गबदू त्यांच्या आयुष्यात आला तोही तलावावरच. त्या दिवसांत टीव्हीवर मुलांसाठी रविवारचा एक कार्यक्रम सुरू व्हायचा होता आणि त्याचा दिग्दर्शक एका दुपारी तलावाच्या काठावर येऊन बसला. बुटका, काटक आणि दमाचा माणूस त्याला हवा होता. नट त्यानं चार पाहून सोडले होते; नटांना दम नसतो, आणि त्यांना चेहरा दाखवायचा असतो, असं तो म्हणाला. मास्तर तेव्हा पाण्याखालून तलावाच्या दोन फेऱ्या मारायचे. ते वर आले तेव्हा दिग्दर्शक घड्याळ पाहत होता. चेहऱ्याचं मास्तरांना काहीच नव्हतं. पोरांशी खेळायचं, आणि तेही रविवारी एक सकाळ, एवढंच त्यांना कळलं. स्टुडिओत कपडेवाल्या मावशींनी त्यांना पाठीमागच्या चेनमधून त्या स्पंजच्या देहात उतरवलं, वरून डोकं ठेवलं आणि मानेच्या मागचे आकडे एकेक करून लावले. आकडे बाहेरून. आतल्या माणसाचे हात तिथवर पोचत नव्हते, आणि पोचले तरी गबदूच्या पंजाला बोटं कुठे होती? आत ओल्या स्पंजाचा, डिंकाचा आणि स्वतःच्याच श्वासाचा वास. आवाज जवळजवळ काहीच नाही. बाहेरचं जग भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडासारखं. आणि दिसायचं ते तोंडाच्या काळ्या जाळीतून, एवढ्याशा चौकटीत. गबदूचे ते सुंदर डोळे मास्तरांच्या टाळूच्या वर वीतभर उंचीवर होते. पोरं डोळ्यांकडे बघून बोलायची, आणि ते खालून, तोंडातून, त्यांच्या हनुवट्या बघायचे. आवाज दुसऱ्याचाच. काचेपलीकडच्या खोलीत एक जाडजूड आवाजवाला बसायचा आणि गबदूचं सगळं बोलणं, हसणं, शिंकणं तो करायचा. त्यांचा दोघांचा मेळ बसवायला समोरच्या खांबावर हिरवा दिवा होता. दिवा लागला की गबदू बोलतोय, हात हलवा. कार्यक्रम थेट दाखवला जायचा, आणि दिग्दर्शकानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना दम दिला होता : गबदूच्या आत कुणी नाही. गबदूच्या आत गबदूच आहे. ज्याच्या तोंडून दुसरं काही बाहेर पडेल तो उद्यापासून घरी. मास्तरांनी हे घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली होती. म्हणजे आता मी कुणाशी लग्न केलंय, असं विचारलं होतं तिनं.

संध्याकाळी लेक आली. तिला घरात ठकू म्हणायचे, आणि पस्तिशी ओलांडली तरी ती ठकूच होती. आई गेल्यापासून ती वडिलांकडेच राहत होती. प्रदर्शनं आणि संग्रहालयं उभी करणाऱ्या एका कंपनीत ती नकाशे काढायची, पुठ्ठ्याच्या छोट्या प्रतिकृती बनवायची. तिच्या बोटांना कायम डिंकाची साल असे. गेलं वर्षभर ती कुठल्याशा मोठ्या कामात बुडाली होती आणि कसलं काम ते सांगत नव्हती. आज तिनं जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारली आणि गुंडाळलेला नकाशा उलगडला. तुम्ही पाहिलंच असेल, तुमच्या वाटेवरच तर आहे, म्हणाली. नकाशात दालनं होती. एकात जुने व्हिडिओ खेळ, एकात गायकांचे चमकीचे पोशाख, एकात चित्रकथांची मासिकं, एका लांबट खोलीत कॅसेटी ऐकायला हेडफोन. एखाद्या पिढीनं आवडीनं बघितलेलं, ऐकलेलं, भिंतीला चिकटवलेलं सगळं. आणि पुढे, दर्शनी बाजूला, तोंड. लोक गबदूच्या तोंडातून आत येणार, असं ती बोटानं दाखवत म्हणाली. मास्तर त्या बोटाकडे बघत होते. मोठं गोल दालन, मधोमध चौथरा, चौथऱ्यावर गबदू. खरा, तोच. स्टुडिओच्या तळघरात सापडला, उंदरांनी एक कान खाल्ला होता, तो नवा लावून घेतलाय. आणि चौथऱ्यापाशी एक बारीक वर्तुळ काढलेलं होतं, बटणाचं. ते कसलं, असं मास्तरांनी विचारलं. ते झोपेचं बटण, ठकू म्हणाली. दाबलं की गबदू झोपणार. ते ठेवायचं की नाही हे अजून ठरायचंय.

छान, मास्तर म्हणाले. आपला आवाज कुठून आला ते त्यांना कळलं नाही. काचेपलीकडून कुणी बोललं असावं. संग्रहालयाच्या बाईंना तुम्हाला भेटायचंय, ठकू सांगत होती. आता कसली बंधनं, दिग्दर्शक गेले, आवाजवाले गेले. गबदूच्या आत कोण होतं ते लोकांना कळू दे. मुलाखत घेतील, तुमचा फोटो लागेल. मास्तरांनी नको म्हटलं. का नको, असं तिनं विचारलं नाही. तिनं नकाशा गुंडाळला, आणि गुंडाळताना ती त्यांच्या चेहऱ्याकडे अशी पाहत राहिली की ते पाणी प्यायला उठले.

गबदूची झोप. अख्ख्या देशाला पाठ होती ती. लग्नात, शाळेच्या गॅदरिंगला, पोरांच्या वाढदिवसाला लोक करून दाखवायचे : हात पसरायचे, एकदा डुलायचं, दुसऱ्यांदा डुलायचं, आणि धप्पकन मागे पडायचं, मग घोरायचं. ती कुणाला सुचली हे कुणी विचारलं नाही. मास्तर पलंगावर पडून उघड्या खिडकीकडे बघत राहिले आणि त्या रविवारकडे जायचं नाही असं ठरवता ठरवता तिथे जाऊन पोचले. उकाडा होता. डोक्यातला छोटा पंखा सकाळपासून बंद होता, आणि ते मावशींना सांगायचं राहून गेलं होतं. त्या दिवशी नवे दिवे आले होते, फार प्रखर. पोरांना समोर जमिनीवर बसवलं होतं, आणि पहिल्या रांगेत ठकू होती. नुकती शाळेत जायला लागलेली, दोन वेण्या, पिवळा फ्रॉक, शेजारी तिची आई. पहिल्यांदाच आली होती बघायला. मास्तर जाळीतून तिच्याकडे बघत नाचत होते आणि मनात म्हणत होते, बघ, हा मी. मग हवा संपली. हवा संपते म्हणजे काय हे पाण्यातल्या माणसाला नीट माहीत असतं. पण पाण्यात वर उजेड असतो, हात मारला की डोकं बाहेर. इथे वर गबदूचे डोळे होते. त्यांनी पंजे मानेकडे नेले. पोरांना वाटलं गबदू कान खाजवतोय. त्यांनी हात पसरले, तोंडानं हाका मारल्या, मावशी, अहो मावशी, आणि स्पंजानं त्या सगळ्या पिऊन टाकल्या. हिरवा दिवा लागला. काचेपलीकडच्या आवाजवाल्यानं डुलणारा गबदू पाहिला असणार आणि थेट कार्यक्रमात काहीतरी करायला हवं म्हणून तो हुशार माणूस म्हणाला असणार, गबदूला झोप आली. मास्तरांना ते ऐकू आलं नाही, नंतर कळलं. त्यांना दिसलं एवढंच की सगळी पोरं एकदम हसायला लागली, लाटेसारखी, मागून पुढे. आणि सगळं काळं व्हायच्या आधी, जाळीच्या चौकटीत, अगदी मधोमध त्यांची ठकू. तोंड उघडं, पुढचे दात पडलेले, डोळे बारीक मिटलेले, खांदे हलताहेत. हसतेय. ते मरत होते आणि ती हसत होती. आवाजवाला घोरत होता, वाद्यं वाजत होती, आणि जाहिराती लागेपर्यंत कुणीही जवळ आलं नाही.

शुद्धीवर आले तेव्हा मावशी त्यांच्या तोंडावर पाणी मारत होत्या आणि दिग्दर्शक आनंदानं हात चोळत उभा होता. फोन खणखणत होते. पुढच्या रविवारपासून झोप कार्यक्रमात कायमची आली. डुला, डुला, धप्प. किती वर्षं पडले ते. लोक प्रेम करायचे त्या पडण्यावर. मास्तरही पडायचे, कारण पोरं हसायची, आणि हसणारी पोरं हेच तर त्यांचं काम होतं. पण दर वेळी पाठ जमिनीला टेकली की आता आकडे उघडणारच नाहीत असं वाटायचं, दर वेळी. ठकूची आई तिला पुन्हा कधी घेऊन आली नाही. कंटाळा आला असेल, असं मास्तरांनी धरलं. आणि हे सगळं त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. नोकरी किंवा दिग्दर्शकाचा दम हे त्याचं कारण नव्हतं. सांगितलं असतं तर एक ना एक दिवस ठकूला कळलं असतं की बाप गुदमरत असताना आपण हसत होतो. लहान पोर. तिचा काय दोष? असलं ओझं कुणी पोराच्या पाठीवर ठेवतं का? त्यापेक्षा आपण आत राहावं. गबदूच्या आत कुणी नाही. ते वाक्य हळूहळू खरं होत गेलं होतं, आणि आता त्याच वाक्याला दार बसवून लोक आत शिरणार होते, बटण दाबणार होते, हसणार होते, रोज, सुट्टीच्या दिवशी जास्तच.

त्यानंतरचे दिवस नासले. तलावावर उभं राहिलं की त्यांना पाण्यापेक्षा पाण्याखाली काय आहे तेच दिसायचं. शिकवताना ते नेहमी सांगत, बुडणारा माणूस ओरडत नाही, तो खेळल्यासारखाच दिसतो, म्हणून काठावर असाल तेव्हा गप्पा मारू नका. आता प्रत्येक पोर त्यांना खेळल्यासारखं दिसायला लागलं. एका सकाळी एक मुलगी तळाशी मांडी घालून बसली होती. मैत्रिणीशी पैज होती म्हणे. मास्तरांनी वरून तिचे हलणारे केस पाहिले, पसरलेले हात पाहिले, आणि कपड्यांसकट, चपलांसकट उडी मारली. तिला दंडाला धरून असं काही खेचून वर आणलं की तिच्या दंडावर बोटं उमटली. मुलगी भ्यालेली होती. पाण्याला नव्हे, त्यांना. तिची आई काठावर येऊन नको नको ते बोलली. मास्तर ओल्या सदऱ्यानं उभे होते आणि मुलीला पुन्हा पुन्हा विचारत होते, तू बरी आहेस ना, आवाज का नाही दिलास? तलावाच्या व्यवस्थापकानं त्यांना बाजूला घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि काही दिवस विश्रांती घ्या म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्याचीच मास्तरांना जास्त भीती वाटली. माणसाला विश्रांती घ्या म्हणतात तेव्हा त्याच्या जागी कोण उभं राहणार हे आधीच ठरलेलं असतं.

मग घर. सकाळपासून घर. उघड्या खिडक्यांतून हवा यायची आणि तरी पुरायची नाही. भिंती जवळ आल्या नाहीत, तसलं काही झालं नाही. उलट त्या होत्या तिथेच राहिल्या आणि मऊ झाल्या. मास्तरांनी एकदा भिंतीला बोट लावून पाहिलं. चुना होता, टणक. तरी हात मागे घेताना बोटाला स्पंजासारखं काही चिकटून आल्याचा भास झाला. बोललं की आवाज बाहेर जातोय की नाही याची त्यांना खात्री वाटेना. खाली भाजीवाला ओरडला तर त्यांनी मुद्दाम खिडकीतून काहीतरी भाव विचारला. त्यानं वर पाहिलंच नाही. गाडी निघून गेली. मास्तर खिडकीत उभे राहिले, आणि आपण खरंच विचारलं की नुसतं तोंड हलवलं, हे काही केल्या त्यांना आठवेना. त्या संध्याकाळी ठकू आल्या आल्या ते म्हणाले, मला बघायचाय. ती चपला काढत होती. काय, म्हणाली. तो. ठकूनं मान वर केली नाही. चपला नीट भिंतीशी लावल्या आणि उद्या दुपारी चला म्हणाली.

कार्यशाळा गोदामाच्या मागच्या अंगाला होती. तोंडातून जावं लागलं नाही, ठकूनं त्यांना सामानाच्या दारानं आणलं. सुतार फळ्या कापत होते, लाकडाचा भुसा उडत होता, कुठेतरी रेडिओ लागला होता. संग्रहालयाच्या बाई पुढे आल्या, हसऱ्या, चष्मा केसांत खोचलेला. मास्तरांचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. लहानपणी मी तुमच्यासाठी रविवारी लवकर उठायची, म्हणाल्या, आणि त्या मनापासून बोलत होत्या. आणि त्यांच्या खांद्यावरून मास्तरांना तो दिसला. लाकडी चौथऱ्यावर, पिवळ्या दिव्याखाली. त्यांना वाटलं होतं तो लहान दिसेल. सगळं लहानपणचं मोठेपणी लहान दिसतं म्हणतात. तो तेवढाच होता. नवा कान जुन्यापेक्षा जास्त नारिंगी होता, एवढंच. पोट मात्र हलत होतं. वर, खाली. वर, खाली. आत मोटर बसवलीय, जिवंत वाटावा म्हणून, असं बाईंनी सांगितलं. मास्तर त्या पोटाची लय ऐकत राहिले. फार सावकाश होती ती लय. आत माणूस असता तर एवढा सावकाश श्वास त्यानं कधीच घेतला नसता. झोप दाखवू का, बाईंनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत त्यांचा हात बटणावर होता. गबदूनं हात पसरले. डुलला. दुसऱ्यांदा डुलला. सुतारांतला एकजण काम थांबवून बघू लागला आणि हसला. धप्प. मग घोरणं सुरू झालं, तेच, त्या मेलेल्या आवाजवाल्याचं, कुठल्याशा फितीवरून काढलेलं. मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं, हिरवा दिवा कुठे आहे ते शोधत, आणि तेवढ्यात घोरणं अर्ध्यात तुटलं. ठकूनं भिंतीतून वायर उपटली होती.

"हे बटण राहणार नाही," ती बाईंना म्हणाली. "मी तुम्हाला आधीही सांगितलंय."

लोकांना सगळ्यात जास्त तेच आठवतं, असं बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. ते काढलं तर राहिलं काय? पुढच्या बैठकीत बोलू. त्यांचा फोन वाजत होता. त्या दाराकडे गेल्या. ठकू एका खोक्यावर बसली. वायर अजून तिच्या हातात होती.

"तुला कुणी सांगितलं?" मास्तरांनी विचारलं.

"कसलं?"

"झोपेचं."

"कुणी कशाला सांगायला हवं? मी होते ना तिथे."

मास्तर तिच्यासमोर उभे राहिले. इतकी वर्षं जे वाक्य त्यांनी दातांच्या आत धरलं होतं ते आपोआप बाहेर आलं, आणि येताना त्यात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"तू हसत होतीस, ठकू. शेवटचं मला तेच दिसलं. लहान होतीस, तुझं काही नाही त्यात. पण हसत होतीस."

ठकू उभी राहिली.

"मी हसत नव्हते, बाबा. मी तुम्हाला हाका मारत होते. तुमचे पंजे मानेकडे गेले तेव्हाच मला कळलं. मी ओरडत होते, बाबा पडले, बाबा पडले, आणि आईनं माझ्या तोंडावर हात दाबला. थेट चालू होतं ना. कुणाला कळता कामा नये. तिचा हात असा थरथरत होता की माझे दात वाजत होते. मी तिला चावले. मग ती मला उचलून बाहेर घेऊन गेली, आणि बाहेर जिन्यात बसून ती रडली. पुन्हा मला तिनं कधी आणलं नाही. मी यायलाच तयार नव्हते."

मास्तरांनी मान हलवली. नाही. त्यांनी पाहिलं होतं. पडलेले दात, मिटलेले डोळे, हलणारे खांदे. रोज रात्री ते त्या चेहऱ्याशेजारी झोपले होते, त्याला माफ करून उठले होते. ती आता त्यांना बरं वाटावं म्हणून बोलत असेल. तिला आईसारखंच न बोलता कापून बटणं लावायची सवय असेल. आणि खरं असेल तर? मग ते गुदमरणं एकट्याचं नव्हतं. मग त्या स्वच्छ, हसऱ्या खोलीत आणखी एक पोर तोंड दाबून गुदमरत होतं, आणि तिची आई, आणि कुणाचाच आवाज कुणापर्यंत पोचला नव्हता. हे जास्त भयंकर होतं.

"डोकं काढ त्याचं," ते म्हणाले.

ठकूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती चौथऱ्यावर चढली, पडलेल्या गबदूच्या मानेमागचे आकडे तिनं उघडले आणि डोकं दोन्ही हातांनी उचलून आणलं. जड होतं. मास्तर खाली बसले. नको बाबा, ती म्हणाली. त्यांनी स्वतःच ते डोक्यावर घेतलं. आकडे नको लावू या, ती म्हणत होती, नुसतं ठेवू या.

"लाव," मास्तर आतून म्हणाले, "फट राहिली तर ऐकू येईल. त्याच्या मानेचा गळपट्टा पण घे, आकडे त्यालाच लागतात. मग तिथे लांब उभी राहून हाक मार, तेव्हासारखी."

गळपट्टा खांद्यांवर आला. आकडे एकेक करून लागले. प्रत्येकाचा छोटा हिसका मानेला जाणवला. शेवटचा लागला आणि जग गेलं. रेडिओ गेला, करवत गेली. नव्या स्पंजाचा कोरा वास आणि त्याच्या खाली, खोल, तो जुना, स्वतःचाच. मास्तरांचे हात आपोआप मानेकडे गेले आणि त्यांनी ते मुठी करून गुडघ्यांवर दाबून धरले. श्वास तोंडानं घ्या, नाकानं सोडा. पोरांना सांगतात ते स्वतःला सांगितलं. ऐकू येत होता फक्त तोच, आत घेतलेला, बाहेर सोडलेला, परत त्यांच्याच तोंडावर आदळणारा. जाळीच्या चौकटीत ठकू मागे मागे जाताना दिसली. पहिली रांग असेल तेवढ्यावर ती थांबली. पिवळा दिवा तिच्या चेहऱ्यावर होता. मोठी बाई, भुरभुरलेले केस, हाताला डिंक. तिनं श्वास घेतलेला दिसला. मग तिचं तोंड उघडलं. डोळे बारीक मिटले, गालावर घड्या पडल्या, दात दिसले, खांदे हलले. ती हसत होती. अगदी तशीच. मास्तर जाळीला डोळे लावून बघत राहिले, त्या चेहऱ्यात कुठेतरी फरक सापडेल म्हणून, आणि फरक नव्हता. तोंड पुन्हा उघडलं. पुन्हा. आवाज नव्हता. हसणं आणि हाक मारणं यांना एकच चेहरा होता, आणि हे त्यांना कळलं तशी हवा संपायला लागली, खरंच संपायला लागली, चौकटीच्या कडा काळ्या होत आत आल्या, मुठी सुटल्या, पंजे नसलेले हात वर गेले.

मानेला हिसका बसला. एक, आणखी एक. ठकू धावत आलेली त्यांना दिसली नव्हती. डोकं वर उचललं गेलं आणि उजेड, भुसा, रेडिओ, करवतीचा आवाज असं सगळं एकदम अंगावर आलं. ते तोंड उघडून हवा पीत राहिले. ठकू गुडघ्यांवर बसली होती, गबदूचं डोकं तिच्या मांडीत होतं, तिचा गळा लाल झाला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दाराशी बाई फोन कानाला लावून उभ्या होत्या, पण बोलत नव्हत्या. सुतार हातातलं काम थांबवून इकडेच बघत होते.

"ऐकू आलं?" ठकूनं विचारलं. तिचा आवाज बसला होता.

"नाही."

"एवढी ओरडले मी. ते सगळे दचकले."

"हसताना दिसलीस."

मास्तरांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. त्यांनी खोक्याला धरून स्वतःला सावरलं आणि लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, अगदी जवळून, मध्ये जाळी नसताना.

"परत मार हाक," ते म्हणाले.

ठकूनं बसल्या जागेवरूनच हाक मारली. बसलेल्या गळ्यानं, फाटक्या आवाजात, गोदामाच्या छपराला लागून परत येईल एवढी मोठी.

"बाबा!"

"ओ," मास्तर म्हणाले.